बिबट्याच्या पोटातली गाठ

आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पहिली वेलांटी कुठं द्यायची आणि दुसरी कुठं, हे बाईंनी शिकवलं होतं, पण ते शाळेतच राहिलं. अक्षर तर आधीपासूनच कुत्र्याचे पाय मांजराला. त्यात आता उजव्या हाताला सूज असते, म्हणून ओळ सरळ सुरू होते आणि पानाच्या कडेला पोचेपर्यंत खाली उतरते. ही वही नातीची आहे, तिच्या दुसरीतली. मागची पानं कोरी राहिली होती. जो कुणी वाचेल त्यानं सांभाळून घ्यावं.

हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. मागच्या तपासणीला दवाखान्यात माझ्या शेजारी एक बाई बसली होती. चाळिशीची असेल. पर्स छातीशी घट्ट धरलेली. दोन तासांत ती कुणाशी बोलली नाही, पाणीसुद्धा प्यायली नाही. साडेतीन वर्षांपूर्वी मीही अशीच बसले होते, फक्त माझ्याकडे पर्स नव्हती, पिशवी होती. तिच्याशी चार शब्द बोलावेत असं मनात आलं, पण जीभ उचलली नाही. मी पहिल्यापासून अशीच. दुकानात सुटे पैसे कमी आले तरी मी बोलत नाही. तिचा नंबर आला, ती आत गेली आणि मी घरी आले. तिला जे सांगायचं राहिलं ते इथं लिहिते.

नातीनं बिबट्या मागितला

आम्ही नाशिक रोडला राहतो. हे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. मुलगा प्रशांत कंपनीत आहे, सून वैशाली एका दुकानात हिशेब लिहायला जाते. नात मनू तेव्हा पाच वर्षांची होती. मी घरी साड्यांना फॉल-पिको करायचे आणि थंडी आली की लोकर काढायचे. विणकाम मला माझ्या आईनं शिकवलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या कॉलनीच्या मागच्या नाल्यात बिबट्या दिसला. कुणाच्या तरी कॅमेऱ्यात आला. जो तो मोबाईलवर तेच बघत होता. भिंतीवरून उडी मारून तो पाण्याच्या टाकीमागं जातो, एवढंच. वनखात्यानं पिंजरा लावला. संध्याकाळी मुलं खाली खेळायची बंद झाली. मनू गॅलरीत जाईना, बाथरूमला जाताना माझं बोट धरायची.

एक दिवस माझ्या मांडीवर बसून म्हणाली, "आजी, मला बिबट्या विणून दे."

"ससा देते की. हत्ती देते."

"नको. बिबट्याच. मी त्याला रोज जेवायला घालीन. मग तो ओळखीचा होईल."

तिचं म्हणणं मला पटलं. मेन रोडवरून हळदी रंगाची लोकर आणली, ठिपक्यांसाठी काळी आणली. दहा नंबरच्या सुया घरात होत्याच. पोटापासून सुरुवात केली. ठिपक्यांचं काम किचकट असतं. दर ठिपक्याला काळा धागा घ्यायचा, सोडायचा, पुन्हा हळदी घ्यायचा. मागच्या बाजूला धाग्यांची टोकं लोंबत राहतात. ती एकेक करून टाक्यांच्या आत ओवून घ्यायची, म्हणजे उसवत नाहीत आणि टोचतही नाहीत.

मी गाठ मारत नाही. आईनं शिकवलं होतं, गाठ ही आळशी बाईची खूण. हे नीट लक्षात ठेवा, याचं पुढं काम आहे.

मी सांगितलं आणि सांगितलंच नाही

अंघोळ करताना हाताला लागली. उजव्या छातीत, काखेच्या बाजूला. हरभऱ्याएवढी, दाबली तर सरकायची नाही. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून मी स्वतःला म्हटलं, काही नसेल. पण रोज अंघोळीला गेलं की हात आधी तिथंच जायचा. रोज वाटायचं, आज नसेल. रोज असायची.

यांना सांगायची लाज वाटली. चाळीस वर्षं संसार केला, पण असलं आम्ही कधी बोललो नाही. मुलाला कसं सांगणार? राहिली सून. आठ दिवस मनात वाक्य जुळवलं. शेवटी एका रविवारी ती भाजी निवडत होती, मी समोर बिबट्या घेऊन बसले होते. मान खाली घालून, सुयांकडे बघत, मी म्हणाले, "वैशाली, गाठ आलीये गं."

ती म्हणाली, "मग कापून टाका ना आई. पुन्हा जोडता येईल."

तिला वाटलं मी लोकरीचं बोलतेय. माझ्या हातात लोकर, नजर लोकरीवर, तिला दुसरं काय वाटणार? मी तोंड वर करून नुसतं "छातीत" एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. एकच शब्द. तो आला नाही. मी म्हणाले, "हो, कापते." आणि पुढची ओळ विणायला घेतली.

त्या एका शब्दापायी दोन महिने गेले. हरभऱ्याची सुपारी झाली. बाई, तू जर हे वाचत असशील तर एवढं ऐक. नुसती गाठ म्हणू नकोस. आधी छाती म्हण, मग गाठ म्हण. लाज दोन मिनिटांची असते.

या दोन महिन्यांत मी सगळ्यांशी नीट वागले. संक्रांतीचे लाडू केले, लोकांच्या साड्यांचे फॉल लावले. पण आतून मी सगळा वेळ घाबरलेली होते. खाली पिंजऱ्यात ठेवलेली शेळी दिवसभर ओरडायची. माझ्या मनात यायचं, हिला कळलंय.

विहीणबाईंनी ओळखलं

आता विहीणबाईंचं सांगते. वैशालीची आई, शकुंतलाबाई. येवल्याच्या. घरी पैठणीचा माग आहे, नवरा गेल्यापासून त्या स्वतः बसतात मागावर. माझं त्यांचं फारसं जमलं नव्हतं. कारण लहानच होतं. मनूच्या बारशाला मी स्वेटर विणलं होतं, गुलाबी. सगळ्या बायकांनी हातात घेऊन कौतुक केलं. विहीणबाईंच्या हातात गेल्यावर त्यांनी ते सगळ्यांदेखत उलटं केलं आणि आतली बाजू डोळ्यांजवळ नेऊन शिवणीवरून अंगठा फिरवत बघितली. काही बोलल्या नाहीत. पुन्हा सुलटं करून ठेवून दिलं. मला इतकं लागलं की पाच वर्षं मी ते विसरले नाही. माझ्या कामाची चूक काढायला बघत होत्या, असं मी धरून चालले.

संक्रांतीनंतर वैशाली फोनवर आईशी बोलत होती. मी आत पोळ्या लाटत होते, मला तिचं बोलणं ऐकू येत होतं. "अगं, बिबट्याच संपत नाहीये. आई वैतागल्यात. मागं म्हणत होत्या गाठी येतात म्हणून."

मग ती गप्प झाली. पलीकडून काहीतरी बोलणं चाललं होतं. वैशाली म्हणाली, "म्हणजे?" पुन्हा ऐकलं. मग म्हणाली, "थांब."

ती स्वयंपाकघराच्या दारात आली. फोन कानालाच होता.

"आई, माझी आई म्हणतेय तुमच्या विणीत गाठ नसतेच. तिनं स्वेटर उलटं करून बघितलं होतं, एक पण गाठ नव्हती. ती विचारतेय, कसली गाठ?"

माझ्या हातात लाटणं होतं. ते मी पोळपाटावर ठेवलं. हाताला पीठ होतं, तसाच तो हात छातीवर ठेवला. तोंडातून तेव्हाही शब्द आला नाही. काळ्या ब्लाऊजवर पिठाची पाच बोटं उमटली. वैशालीनं ती बघितली आणि फोन खाली केला.

मग ती खूप रडली. मोरीत जाऊन, नळ सोडून. "मी कापून टाका म्हणाले," एवढंच म्हणत होती. मी दाराबाहेर उभी राहून म्हटलं, "तू लोकरीला म्हणालीस." आतून म्हणाली, "तुम्ही गप्प बसा आई."

ज्या दिवशी कळलं

पहिल्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा वैशाली पडद्याच्या आत माझ्याजवळ उभी राहिली. डॉक्टर पुरुष होते. मी छताकडे बघत होते. छताला पंखा होता आणि त्याच्या एका पात्यावर जळमट होतं. पंखा चालू असता तर दिसलं नसतं. मी सगळा वेळ ते जळमट धरून ठेवलं. त्यांनी सुई टाकून तुकडा काढला आणि आठ दिवसांनी या म्हणाले.

ते आठ दिवस मी सांगू शकत नाही. भीती म्हणजे रडू येतं असं नाही. भीती म्हणजे दूध उतू जाताना दिसतं आणि हात हलत नाही.

रिपोर्ट आणायला प्रशांत गेला, मी बाहेर रिक्षात बसले होते. तो कागद वाचत आला. इंग्रजीत होता. मी विचारलं, "काय रे?"

"काही नाही. थोडं इन्फेक्शन आहे. औषधं घ्यावी लागतील."

मी म्हटलं, "बरं."

रिक्षा सुरू झाली. थोडं पुढं गेल्यावर तो म्हणाला, "आई, तुला काय खावंसं वाटतंय? आपण घेऊ वाटेत."

पस्तीस वर्षांत त्यानं मला हे कधी विचारलं नव्हतं. वाईट मुलगा नाही तो, पण आईला काय खावंसं वाटतं हा प्रश्न कुणाच्या घरात असतो? तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, "घरी भाकरी झालीये," आणि पिशवीतून बिबट्या काढून टाके मोजू लागले. बेचाळीस होते. पुन्हा मोजले. बेचाळीसच होते. घरापर्यंत मी बेचाळीस टाके मोजत गेले.

घरी पोचलो तसा यांनी टीव्ही बंद केला. प्रशांतनं यांना सांगितलं. यांनी उठून माझी चप्पल घेतली आणि तिचा तुटलेला अंगठा शिवायला बसले. आता ही चप्पल लागेल, दवाखान्यात खूप चालायचंय, असं म्हणाले.

राहू दे आणि उसने

ऑपरेशन लगेच करा, थांबू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. सरकारी योजनेत सगळं बसत होतं, पण रेशनकार्डावर माझं नाव एक आणि आधारवर दुसरं. ते नीट करायला दोन महिने लागतील असं कळलं. दोन महिने मी आधीच घालवले होते.

नातेवाईक भेटायला येऊ लागले. माझा धाकटा भाऊ आला. पाकीट हातात दिलं. "ताई, दहा हजार आहेत. परत द्यायचे नाहीत. राहू दे." माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो माझ्यापेक्षा लहान, त्यानं कधी असा हात फिरवला नव्हता. प्रशांतचा साहेब आला, तो पण म्हणाला, परत द्यायचं मनातसुद्धा आणू नका. सगळे चांगल्या मनानंच म्हणत होते. पण दर वेळी "राहू दे" ऐकलं की मनात एकच प्रश्न यायचा. जिच्याकडून परत यायचं नाही हे ठरलंय तिलाच माणूस असं देतो ना? मला वाटायचं, यांनी माझं धरूनच टाकलंय.

मग विहीणबाई आल्या. एसटीनं, एकट्या. पदराखालून रुमालाचं बोचकं काढलं आणि माझ्यासमोर सोडलं. पाचशेच्या नोटा.

"मोजून घ्या."

मी म्हणाले, "नको हो. मुलीकडच्यांचे पैसे आम्ही कसे घ्यायचे? लग्नात आम्ही नारळ सोडून काही घेतलं नाही."

"मी कुठं देतीये? उसने देते. सत्तर हजार हायेत, सत्तर परत पाहिजेत. मागावरचं पत्र्याचं छत गळतंय माझं, त्यासाठी ठेवले होते. छत थांबेल. पण पैसा परत घेईन, सोडायची नाय मी."

वैशाली म्हणाली, "आई, काय बोलतेस तू? ही वेळ आहे का?"

"तू गप बस. आमच्या दोघींचं हाय हे."

मग मी विचारलं. घरातल्या कुणालाही जे विचारता आलं नव्हतं ते मी या बाईला विचारलं, जिच्यावर मी पाच वर्षं रुसले होते. "आणि मी राहिले नाही तर?"

त्या म्हणाल्या, "मंग कोण देणार? व्याहीबुवांची पेन्शन दुधालासुद्धा पुरत नाय. तुम्हालाच द्यायचेत. बऱ्या झाल्या की महिन्याला दोन हजार द्या. दोन तारखेच्या आत." त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. "पस्तीस महिने लागतील."

डॉक्टरांनी मला आकडा सांगितला नव्हता. मी विचारला नव्हता. विहीणबाईंनी सांगितला. पस्तीस महिने. मी नोटा मोजून घेतल्या. एकशेचाळीस भरल्या.

दवाखाना

उजवी छाती पूर्ण काढली. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

शुद्धीवर आल्यावर आधी हात तिथं गेला, रोजच्यासारखा. जाड पट्टी होती, तिच्या खाली काही नव्हतं. ड्रेसिंगच्या वेळी सिस्टरनं विचारलं, "मावशी, टाके बघायचेत का?" मी नको म्हटलं. टाके हा शब्द मला आयुष्यभर आवडत आला होता. त्या दिवशी नको वाटला. चौथ्या दिवशी बघितले. सरळ ओळ होती, एकसारख्या अंतरावर घातलेली, शेवटी थोडी ओढली गेलेली. माझ्या मनात आलं, शेवटचा टाका जरा सैल घ्यायला हवा होता. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी अजून मीच आहे.

मग केमो सुरू झाली. दर एकवीस दिवसांनी. सकाळी रक्त तपासायचं, मग खुर्ची मिळायची, मग सलाईन. खिडकीजवळची खुर्ची मिळाली तर तो दिवस बरा. माझ्या शेजारी निफाडकडच्या एक आजी असायच्या, डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या. मी बिबट्या काढला की त्या विचारायच्या, "काय इणताय? मांजर हाय का?"

"बिबट्या."

"आमच्या उसात लय हायेत. याला शेपूट कवा लावणार?"

"पुढच्या खेपेला."

"नक्की लावा. बिनशेपटीचा ठेवू नका, लाजतो तो." आणि स्वतःच हसायच्या.

पुढच्या खेपेला मी शेपूट विणून नेलं. त्यांच्या खुर्चीवर दुसरी बाई होती. त्यांची तारीख बदलली असेल. मला विचारता आलं असतं, सिस्टर समोरच होती. मी विचारलं नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. आजही मला माहीत नाही.

केस गेले. चव गेली, पाणी लोखंडासारखं लागायचं. बोटांची टोकं बधिर झाली. सुई हातात आहे की नाही ते बघून कळायचं, धरून कळायचं नाही. विणीचे तुकडे घेऊन मी तासतास नुसती बसायचे. सांगण्यासारख्या चांगल्या गोष्टी थोड्याच होत्या, त्या सांगते. मोरीत धरायला यांनी बसवलेला दांडा. सफाईवाल्या मावशी न विचारता माझ्या खुर्चीला पायाशी पिशवी बांधून द्यायच्या, ओकारी आली तर. आणि वैशाली. मला उलटी झाली की ती माझी पाठ चोळायची आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची.

तिचे आणि प्रशांतचे खटके उडत होते. सुट्ट्या संपल्या होत्या, पगार कापला जात होता. मला ऐकू येऊ नये म्हणून ती दोघं जिन्यात जाऊन भांडायची. जिन्यातला आवाज घरात जास्त येतो हे त्यांना माहीत नव्हतं.

बिबट्याचं पोट जोडताना शेवटचं टोक राहिलं होतं. ते आत ओवायला मला सुईच्या नाकातून धागाच घालता येईना. चार दिवस प्रयत्न केला. पाचव्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा गाठ मारली. एकावर एक तीन. वरून कापूस दाबला, पोट शिवलं. मनूच्या सहाव्या वाढदिवसाला दिला. एक कान मोठा, एक लहान झाला होता. तिनं त्याला लगेच वरण-भात भरवला.

मनूला सापडली

केमो संपली, किरणांचा शेक झाला. डोक्यावर उंदराच्या पिल्लासारखे केस आले. मनूला आम्ही एवढंच सांगितलं होतं की आजीचा हात दुखतो.

एक दिवस सगळे चहा पीत बसलो होतो. मनू बिबट्याला मांडीवर आडवा टाकून त्याचं पोट दाबत होती, डॉक्टर दाबतात तसं, दोन बोटांनी. म्हणाली, "आजी, बिबट्याला पण गाठ आहे."

कुणी कप खाली ठेवला नाही की उचलला नाही.

वैशाली म्हणाली, "कुणी सांगितलं तुला?"

"मला माहितीये. आजीची काढली. जिन्यात बोलत होता ना तुम्ही." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "हा पण मरणार का?"

पण. ती "पण" म्हणाली. म्हणजे इतके महिने हे पोर माझ्याकडे बघत होतं ते असं बघत होतं. मी मरणार हे धरून माझ्याजवळ बसत होतं. 

प्रशांत काहीतरी बोलायला लागला. मी त्याला हातानं थांबवलं. का कोण जाणे, त्या दिवशी मला शब्द आला. मी म्हणाले, "मनू, कात्री आण."

खिडकीशी उजेडात बसलो. मी पोटाची शिवण उसवली, कापूस बाजूला केला आणि तिला गाठ दाखवली. "ही बघ. ही मीच मारली होती, माझी बोटं तेव्हा चालत नव्हती." गाठ कापली. कमी पडलेल्या धाग्याला नवा धागा लावला आणि दोन्ही टोकं हळूहळू आत ओवली. बोटं अजून पूर्ण आली नव्हती. मनूनं सुईत धागा ओवून दिला. कापूस भरला, पोट शिवलं. तिनं टाके मोजले. अकरा.

"आता परत येईल का?"

खोटं बोलावंसं वाटलं. सगळ्यांचे चेहरे म्हणत होते, नाही म्हण. मी म्हणाले, "मला माहीत नाही. म्हणून मधूनमधून चाचपून बघायचं. मी माझं बघते, तू त्याचं बघ."

"आणि सापडली तर?"

"तर लगेच सांगायचं. मोठ्यानं."

ती विचार करून म्हणाली, "मी मोठ्यानं सांगीन. तू हळू बोलतेस."

पस्तीस महिने

फॉल-पिकोची मशीन आता मला जड जाते. पण बिबट्या जमला होता. मनूच्या शाळेतल्या एका मैत्रिणीच्या आईनं एक मागितला, मग तिच्या बहिणीनं. पुढं गंगापूर रोडच्या एका खेळण्यांच्या दुकानानं घ्यायला सुरुवात केली. ससे, हत्ती पण करते, तरी लोक बिबट्याच जास्त मागतात. दोन तारखेच्या आत दोन हजार उभे राहायचे. कधी यांच्या पेन्शनमधून पाच-सहाशे घालावे लागायचे.

एका महिन्यात मला ताप आला, चार दिवस पुन्हा भरती होते. पाच तारखेला विहीणबाईंचा फोन आला. "दोन तारीख गेली." वैशालीनं फोन हिसकावून घेतला आणि आईशी कडकडून भांडली. माणुसकी आहे का तुला, असं म्हणाली. मी पलंगावर तोंडावर चादर घेऊन हसत होते. खूप दिवसांनी हसले होते. दवाखान्यात जो तो माझ्याशी हळू आवाजात बोलत होता, आणि तिकडं येवल्यात एक बाई माझी वाट बघत वैतागली होती.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. सहा महिन्यांची तपासणी आली की आठ दिवस आधी माझी झोप जाते. पाठ दुखली तरी वाटतं, तीच असेल. खालचा पिंजरा कधीतरी उचलून नेला. बिबट्या सापडला की निघून गेला ते कुणी सांगितलं नाही. आम्ही अजून अंधार पडायच्या आत दारं लावतो, पण मुलं खाली खेळतात.

गेल्या महिन्याची दोन तारीख शेवटची होती. मी म्हटलं, हे मी स्वतः नेऊन देणार. मनूला सुट्टी होती, तिला बरोबर घेतलं. ती आता तिसरीत आहे. बिबट्याला पिशवीत घातला, त्याचं डोकं बाहेर ठेवलं. एसटीत खिडकी मिळाली.

विहीणबाई मागावर होत्या. पायाखालच्या पाट्या थांबवल्या, हात पुसून आल्या. छत अजून तेच आहे, दोन ठिकाणी प्लास्टिक बांधलेलं. मी चार नोटा दिल्या. त्यांनी बोट ओलं करून मोजल्या, चारच नोटा, दोनदा. मला वाटलं आता तरी म्हणतील, राहू द्या, पोरीला खाऊ घ्या. म्हणाल्या नाहीत. उठून डब्यात ठेवल्या आणि डब्याचं झाकण दाबून लावलं.

"पस्तीस झाले," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत. स्वेटर बघितलं होतं तसं. "फिटले."

ही वही माझ्या पिशवीत होती. मी तिथंच काढली. हप्त्यांचा हिशेब मांडला होता ते शेवटचं पान उघडलं, पेन धरलं आणि अडले.

"विहीणबाई, फिटले लिहिताना पहिली वेलांटी की दुसरी?"

"मला काय विचारता? मी तिसरीतून सुटले. तुम्ही एक यत्ता पुढं हायेत."

मनू बिबट्याला मागावरचं रेशीम दाखवत होती. मान न वळवता तिनं सांगितलं, "पहिली, आजी."

पहिली दिली. सत्तर हजार फिटले.